मधल्या दाराला कोणती मूठ

“आपल्या बाजूची कडी कधी लावू नको गो. त्यांनी लावली तर लावू देत. आपली काढलेली होयी.”

सासूबाईंचा हा आवाज वनमालेला कधी तुळशीला पाणी घालताना ऐकू यायचा, कधी पोथीचं पान उलटताना. पण तो असा भर दुकानात, रविवारच्या सकाळी, खिळ्यांच्या आणि ग्रीसच्या वासात कानाशी येईल असं तिला वाटलं नव्हतं. समोर लाल मखमल लावलेली लांब फळी होती आणि तिच्यावर मुठी, हँडलं, कड्या ओळीने स्क्रूने बसवलेल्या होत्या. दार नसताना नुसत्या मुठी पाहायची ही तिची पहिलीच वेळ. कशाला तरी धरायला निघालेले पण धरायला काही न सापडलेले हात असावेत, तशा त्या दिसत होत्या. चंद्रप्रकाश, तिचा एकुलता मुलगा, एकेक हँडल खाली दाबून सोडत होता. मार्गशीर्षात त्याचं लग्न. अनुपमा घरात यायच्या आधी घराला रंग, दारांना पॉलिश आणि जुन्या लोखंडी कड्यांच्या जागी नवं काहीतरी, असा त्याचा बेत होता. मुलगी शिकलेली, ठाण्याच्या नव्या ब्लॉकमध्ये वाढलेली. तिने या घरात येऊन पहिल्या दिवशी गंजक्या कडीत बोट चिमटून घ्यावं असं कुणाला वाटेल? वनमालेलाही वाटत नव्हतं. म्हणून तर ती आली होती. पितळी पॉलिश, चकचकीत स्टील, आणि एक काळपट तपकिरी, ज्याला दुकानदार शेठ ‘अँटिक’ म्हणत होता, अशा तीन रंगांतून निवडायचं होतं. तिने पितळेवर बोट ठेवलं. सोवळ्यात चालतं ते पितळ, हे तिला वेगळं आठवायची गरज नव्हती.

“हे घ्यावं,” ती म्हणाली. “चिंचेने घासलं की लख्ख होईल.”

शेठने कपाळाला हात लावला. “बेन, चिंच नाय लावायची! ही वरून पॉलिश आहे. चिंच लावली की आतमधून लोखंड दात काढून हसणार तुम्हाला.”

चंदू हसला. चिंच न चालणारं पितळ म्हणजे काय असेल, याचा ती विचार करत राहिली. तेवढ्यात शेठने चिठ्ठी पुढे ओढून विचारलं, “पाच दरवाजे बोलले ना? पाच सेट. दोन्ही साइड सेम कलर ना?”

एवढाच प्रश्न. शेठ तो दिवसातून कितीदा विचारत असेल. पण वनमालेला जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी असावी तसं झालं. ती फळीकडे बघत हळूच म्हणाली, “एका दाराला... एकाच बाजूचं मिळत नाही का?”

“सिंगल कोण देणार? आतमधी एक दांडी असते, बेन. ह्या साइडने एक हँडल, त्या साइडने एक. जोडीच येते. बाकीची हाफ मी काय करू, गळ्यात घालू?”

“आई, मधल्या दाराचं म्हणतेस का तू?” चंदूने तिच्याकडे वळून विचारलं. मग शेठला म्हणाला, “चारच करा. पाचवं दार काढूनच टाकायचंय. राजाराम गवंडी उद्या येतोय प्लास्टरला, त्यालाच विटा सांगतो. भिंत घालून टाकू.” आणि आवाज जरा खाली आणून, “अगं, त्याच्या पलीकडची बाजू आपली आहे का? कुणाला विचारणार आपण, तुम्हाला कुठला रंग हवा म्हणून?”

बोलणं तोंडाशी आलं तरी देवाच्या नावाने एकदा गिळून पाहायचं, ही तिची जुनी सवय. फक्त निघताना तिने शेठला विचारलं, नमुन्याला तिन्ही रंगांची एकेक मूठ घरी न्यायला मिळेल का. शेठने वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. चंदू स्कूटर काढत म्हणाला, “आणि हे कशाला आता?” ती म्हणाली, “संध्याकाळपर्यंत थांब. राजारामला विटांचं संध्याकाळी सांग.” तो थांबेल हे तिला माहीत होतं. आईने कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागितलं की त्याला नाही म्हणता येत नसे. पण कारण सांगितल्याशिवाय तो उद्याच्या पलीकडे थांबणार नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं.

घर तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं. मुलुंडला तेव्हा चिखल आणि बाभळी होत्या, आणि परळच्या गिरणीतल्या माणसाने इतक्या लांब घर बांधलं म्हणून गाववाले हसले होते. सासरे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होते. घराच्या सगळ्या दारांच्या पितळी मुठी त्यांनी स्वतः कातून आणलेल्या. भरीव, मधे जराशा फुगीर, हातात धरल्या की कैरी धरल्यासारख्या वाटणाऱ्या. वनमाला लग्न होऊन आली त्या दिवशी तिला घराची भीती वाटली नव्हती, माणसांची वाटली होती. आणि माणसांपासून दूर, मधल्या खोलीच्या दाराशी ती उभी राहिली तेव्हा पाठीमागे गेलेल्या हाताला ती मूठ लागली होती. गार, गुळगुळीत. तिने ती धरून ठेवली होती. मोठी जाऊ सुगंधावहिनी पलीकडून दार ढकलत म्हणाली होती, “गो, सोड तरी! का दारासकट माहेराक जातलंस?” सगळ्या बायका हसल्या होत्या, आणि तीही. त्या हसण्यानंतर घर तिचं झालं. दोघी जावा मग कितीतरी वर्षं त्या दारातून दिवसभर ये-जा करत राहिल्या. अर्धं घर थोरल्याचं, अर्धं धाकट्याचं, चुली दोन पण वाटण एकच. वहिनी पलीकडे वाटत बसायची आणि पाट्यावरूनच ओरडायची, “वनमाले, मिरची किती टाकू?” आणि उत्तराची वाट न बघता टाकायची. दर दिवाळीला दाराला ऑइलपेंट लागायचा. पुढे पुढे रंगारी मुठी झाकायचा कंटाळा करू लागला, आणि त्या पितळेवर आधी हिरवा, मग पिस्ता, मग चॉकलेटी असे थर चढत गेले. मूठ मूठच राहिली, फक्त जाड झाली, तिचा गारवा गेला.

आणि मग तो गणपती. कोकणातल्या घरात गणपती एकच असतो, भाऊ कितीही होवोत. तो थोरल्याच्या बाजूला बसायचा आणि मधलं दार पाचही दिवस सताड उघडं असायचं. त्या वर्षी वनमालेचा नवरा सहदेव रात्रपाळीहून यायचा होता. त्याला उशीर झाला. आणि थोरले दीर दशरथभाऊ मुहूर्त जाईल म्हणून थांबले नाहीत. सहदेव दारात आला तेव्हा प्रतिष्ठा होऊन दूर्वा वाहून झाल्या होत्या. त्याच्या हातात केवड्याचं पान होतं. तो दादरला उतरून ते घेऊन आला होता म्हणून तर उशीर. ते पान त्याने पाण्याच्या पिंपावर ठेवलं आणि आंघोळीला गेला. पुढच्या वर्षी तो वेगळी मूर्ती घेऊन आला. एका घरात दोन गणपती! दशरथभाऊ मधल्या दारात उभे राहून नुसते बघत होते. कुणी कुणाला शिवी दिली नाही, आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं, असं वनमालेला पुढे कितीदा वाटलं. दिवेलागणीला पलीकडून दार ओढून घेतलं गेलं आणि कडी सरकली. सासूबाई तेव्हा याच बाजूला, खाटेवर होत्या. त्यांनी डोळे मिटूनच वनमालेला जवळ बोलावलं आणि ते सांगितलं: आपल्या बाजूची कडी कधी लावू नको.

दुसऱ्या वर्षी सहदेवने मूर्ती आणली नाही; पुन्हा कधीच आणली नाही, आणि पलीकडे दर्शनालाही गेला नाही. वनमालेच्या घरात चतुर्थी आली की फक्त उकडीचे मोदक व्हायचे आणि देव्हाऱ्यातल्या छोट्या पितळी गणपतीपुढे ते ठेवले जायचे. पलीकडे आरती सुरू झाली की ती या बाजूला दाराला कपाळ टेकून हळू टाळ्या वाजवायची, इतक्या हळू की फक्त तळहातांना कळावं. पहिल्या वर्षी आरती अगदी जवळून ऐकू आली होती. वहिनीचा आवाज मध्ये चिरतो तोसुद्धा कळला होता. नंतरच्या वर्षी ती एकदम लांब गेली, गोधडीत गुंडाळल्यासारखी. गणपती बाहेरच्या खोलीत हलवला असेल, असं तिने समजून घेतलं. तिचं समजून घेणं असं मुकाट असायचं. कुणाला विचारलं नाही की उत्तर दुखत नाही.

सासूबाई गेल्या, आणि त्यांचं वाक्य नेम होऊन बसलं. तिचे नेम तसे पुष्कळ: दिवा लागेपर्यंत मौन, पोथीचा रोज एक अध्याय, सोमवार, शनिवार, चातुर्मासात मीठ वर न घेणं. त्या सगळ्यांत हा एक, कुठल्या पोथीत नसलेला. सहदेव कामावरून आला की चहाच्या आधी मधल्या दाराची कडी लावायचा. लोखंडाची जड कडी, ती बसताना ठक्क व्हायचं. पहाटे आंघोळ झाल्यावर ओल्या हातांनी ती कडी काढायची. निघताना ती खण्णकन वाजायची. त्याने लावायची, तिने काढायची. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एकदा तापाने ती उठली नाही तर सहदेव कडीकडे बघत चहा घेत बसला होता, आणि कामावर जाताना त्यानेच ती काढून ठेवली. ते तिला पडल्या पडल्या दिसलं. त्या एका गोष्टीसाठी तिने नवऱ्याचं बाकीचं पुष्कळ सोसलं. चार वर्षांपूर्वी तो गेला. सुगंधावहिनी मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दारातून रस्त्याने वळसा घालून आली, बायकांत बसली, डोळे पुसून गेली. घरात तेव्हा इतकी माणसं होती की एकमेकींकडे बघायला जागा नव्हती. गेल्या साली दशरथभाऊ गेले तेव्हा वनमालाही तशीच वळसा घालून गेली आणि तशीच आली. भांडणाचे दोन्ही धनी गेले. राखणीला मागे दोघी राहिल्या.

दुपारी चंदू जेवून झोपला. पंखा जुना, तो फिरताना भिंतीवरचं कॅलेंडर एका लयीत हलत होतं. वनमालेने वर्तमानपत्र उलगडून तीन मुठी मधल्या दारासमोर पाटावर ठेवल्या आणि स्वतः जमिनीवर बसली. पितळी, स्टील, काळी. शेठच्या दुकानात त्या वस्तू होत्या, इथे त्या पाहुण्यांसारख्या दिसत होत्या. तिने वर पाहिलं. दाराची कडी काढलेली होती, अर्थातच. सहदेव गेल्यापासून ती लावायला कुणी नव्हतं. नेम फार सोपा झाला होता. पहाटे दारापाशी जायचं, कडी काढलेलीच आहे ना बघायचं, कोयंड्याला हळदीचं बोट लावायचं. गेली चार वर्षं तिने कडीला हात लावलाच नव्हता. पण तिला ज्याने सकाळपासून अस्वस्थ केलं होतं ते हे नव्हतं. ते वेगळंच होतं आणि आता, दुपारच्या या पांढऱ्या उजेडात, ते तिच्यासमोर येऊन बसलं. दार तिच्याच बाजूला उघडत होतं. इतक्या वर्षांत तिने ते एकदाही ओढून पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी कडी लावू नको म्हटलं, ओढू नको असं कुठे म्हटलं होतं? आणि ओढ असंही म्हटलं नव्हतं. जेवढं सांगितलं तेवढं तिने अक्षराला अक्षर पाळलं. पाळण्यात एक सुख असतं, त्या सुखाला कुणी हात लावू नये असं वाटतं. ओढलं असतं आणि पलीकडची कडी लावलेली निघाली असती तर? मग रोज पहाटे आपली कडी काढणं हे केवढं केविलवाणं झालं असतं. म्हणून ती नुसती उघडी राहिली. म्हणजे तिचं दार. म्हणजे आपण देवाला भीत होतो का दाराला, असं काहीसं तिच्या मनात आलं आणि तिने पटकन रामराम म्हटलं. नाव तोंडात होतं, मन मात्र तिथेच घुटमळत राहिलं.

तिने दारावर बोटांनी वाजवलं. लाकूड बोदं वाजलं. पुन्हा वाजवलं. मग उठून ती रंगाने जाड झालेली मूठ धरली आणि ओढली. काहीच झालं नाही. पलीकडून लावलेलीच आहे तर, असं वाटून तिला चक्क हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ओढलं. ऑइलपेंटचा जोड सालपट निघावं तसा चरचर फाटत गेला आणि दार तिच्या अंगावर उघडलं.

पलीकडे कपाट होतं. कपाटाची पाठ. प्लायवूडची, ओल येऊन फुगलेली, कोळ्याच्या जाळ्यांनी भरलेली. चौकट ते चौकट. ती उघड्या दारात, बंद कपाटासमोर उभी राहिली, आणि तिला एकदम आरती आठवली, गोधडीत गुंडाळलेली आरती.

“कोण ता?” कपाटाच्या पलीकडून आवाज आला. “घुशी काय? हो भायेर! काठी घेतंय हां!”

“घुशी नाही, वहिनी,” वनमाला म्हणाली. “मी आहे.”

पलीकडे काही पडलं. बहुतेक वाटी, ती गोल गोल फिरत थांबली. मग आवाज अगदी जवळ आला. वहिनी कपाटाला तोंड लावून बोलत असावी.

“वनमाले?”

“हो.”

“खंयसून बोलतंस?”

“दारातून. दार उघडलं मी.”

“तुझ्या बाजूची कडी?”

“ती काढलेलीच असते, वहिनी.”

“खोटा बोला नको,” आवाज तटकन म्हणाला. “म्हातारपणी तरी खोटा बोला नको. चार वर्षां झाली, कडी काढल्याचो आवाज नाय. आधी रोज पहाटेचो येय. खण्णकन. माझी खाट हय कपाटाक लागून. त्या आवाजान मी उठतंय, मगे चूल पेटवतंय. ह्यांका सांगतंय, उठली बघा धाकटी, कडी काढल्यान. हे कूस परतत. एक दिवस आवाज बंद झालो. भावोजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी समाजलंय. घोव गेलो, आता कशाक ही नाटकां, कायमची लायली असतली कडी. मी म्हटलंय, लाव बाय, लाव. तुझा पण काय चुकला?”

वनमालेने चौकट धरली. एखाद्याने आपलीच गोष्ट आपल्याला उलटी करून सांगावी, पिशवी उलटून तिचा आतला शिवणदोरा दिसावा, तसं झालं. कडी वाजत होती, कारण तो लावत होता. तो गेला, कडी पहाटे आणि रात्री, सदासर्वकाळ उघडी राहिली, आणि म्हणून ती वाजली नाही. जेवढी उघडी राहिली तेवढी पलीकडे बंद ऐकू आली. चार वर्षं ती त्या मुक्या कोयंड्याला हळदीचं बोट लावत होती, आणि एका फुगलेल्या प्लायवूडच्या पलीकडे एक बाई पहाटे जागी होऊन न येणाऱ्या आवाजाची वाट बघून, चूल न पेटवता पडून राहत होती. सहदेव रोज संध्याकाळी ठक्क करायचा त्याचा तिला किती राग यायचा! तो राग, तो माणूस, त्याचं ते केवड्याचं पान, सगळं एकदम तिच्या छातीशी आलं. त्याने लावली नसती तर तिने काढलेली कुणाला कळलीच नसती. तिला हसू आलं आणि ते हसू डोळ्यांतून बाहेर पडलं.

“लावायला कुणी राहिलं नाही, वहिनी,” ती म्हणाली. “हे लावायचे, मी काढायची. ते गेले. मग काढू काय?”

पलीकडून एक लांब, फाटका श्वास. “अगो बाय माझ्या!” वहिनी म्हणाली. आणि पुन्हा, “अगो बाय!” मग नाक शिंकरल्याचा आवाज. मग आवाजात जुना ठसका. “आणि तां तुका सांगूक काय झाला होता?”

“तुम्ही कपाट लावल्याचं सांगितलंत का मला?”

“तां ह्यांनी लायला! दुसऱ्या गणपतीक. कडी आड येय म्हणान ती काढून टाकल्यानी. म्हणाले, ती दाराक टेकून उभी ऱ्हवता, तिची सावली फटीतून दिसता, माका आरती म्हणवत नाय.”

वनमालेला वाटलं, आपण इतकी वर्षं ज्या दाराला कपाळ टेकलं ते दार नव्हतंच. ती दिराची पाठ होती. रागाने वळलेली पाठ आणि न बघवून वळलेली पाठ, मागून सारखीच दिसते.

“आता काय काढलंस मधीच दार? कोण मेला?” वहिनीने विचारलं.

“कुणी नाही. चंदूचं लग्न ठरलंय.”

“ठाऊक आसा. बाजारात कळला माका, घरात नाय.”

ते तिने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. मग सांगितलं: दारांना नव्या मुठी, उद्या गवंडी, चंदू इथे भिंत घालायची म्हणतो, नाहीतर दोन्ही बाजूंना एकाच रंगाची मूठ लागेल, म्हणून विचारायला आले. वहिनी म्हणाली, “शुभा माका चेंबूराक बोलयता. एकटी कशाक ऱ्हवतंस म्हणता. मी नाय म्हटलंय लेकीक. पण भिंत घातलास तर मी जातंय बाय. विटेर वीट बसताना ऐकत हय बसूक माझ्यान होवचा नाय.”

हे सगळं मुठीवर येऊन ठेपलं होतं तर. वनमाला पाटावरचे नमुने उचलून कपाटाच्या पाठीसमोर उभी राहिली आणि ते तिला दिसणार नाहीत हे लक्षात येऊन सांगू लागली. “तीन रंग आहेत. एक समईसारखा पिवळा. एक नव्या वाटीसारखा, स्टीलचा. आणि एक काळपट, तव्याच्या पाठीसारखा.”

“तवो नको. पयसे देऊन तवो कोण लायतलो दाराक?”

“मग समईसारखा घेऊ?” वनमालेचा हात पितळेवर गेलाच होता. “मामंजींच्या मुठी होत्या तशा दिसतील.”

“स्टील घे,” वहिनी म्हणाली.

“स्टील?”

“स्टील घे गो! पितळ घासून घासून माझी बोटां वाकडी झाली. मामंजींनी मुठी कातल्यानी, पण घासल्यान कोणी? मी. तुझ्या बाजूच्यो सुद्धा. तू गरवार होतंस तेवा. माका पितळ नाव काढला तरी हाडां दुकतत. स्टील कसा, ओला फडका फिरवला की झाला.”

वनमालेच्या मनात त्या मुठींचा गारवा होता, कैरीसारखा फुगीरपणा होता, पहिल्या दिवशी पाठीमागे हाताला लागलेली मूठ होती. त्याच मुठी वहिनीच्या बोटांत दुखणं होऊन बसल्या होत्या. आणि सोवळं? त्या एका कडीखेरीज आंघोळीनंतर पूजेपर्यंत ती स्टीलच्या पेल्यालाही हात लावत नसे. म्हणजे पहाटे या दाराची मूठ तिला चालणार नाही. नेम असा तिच्या डोळ्यांदेखत बाजूला उभा राहिला, वाट देणाऱ्या माणसासारखा अवघडून. तिने स्टीलची मूठ हातात घेतली. हलकी होती. तिच्यात तिचं स्वतःचं नाक मोठं आणि डोळे बारीक दिसत होते.

“बरं. स्टील,” ती म्हणाली.

“दोनी बाजूंनी?”

“वेगळं मिळतच नाही, वहिनी. दुकानदार म्हणतो, उरलेली अर्धी गळ्यात घालू का.”

कपाटाच्या पलीकडून हसू आलं. म्हातारं, खोकल्यात संपणारं, पण तेच. दारासकट माहेराक जातलंस म्हणणारं. ते ओसरलं तशी वहिनी म्हणाली, “पण ह्या कपाट? ह्या कोण हलयतलो? गच्च भरलेला आसा. ह्यांचे सदरे, धोतरां, काठी, चष्मो, सगळा तेच्यात. वर्ष झाला, माझ्यान उघडवक नाय. शुभाक हात लावक देवक नाय मी. ती भराभर बांधतली नि कोणाक तरी दितली.” तिने अगदी हळू विचारलं, “तू येशील?”

“येते.”

“उद्या परवा करू नको. माका आज धीर आसा, उद्या नसतलो.”

“आज येते. चहाच्या आधी. दोघी मिळून रिकामं करू. एकेक वस्तू हातात घेऊन.”

“वचन?”

“वचन, वहिनी.”

तिने दार लोटलं नाही. ते तसंच उघडं, कपाटाच्या पाठीकडे तोंड करून राहिलं. बाहेरच्या खोलीत चंदू उठून बसला होता. डोळे चोळत त्याने मधल्या खोलीत पाहिलं आणि उघडं दार, जमिनीवर पडलेल्या रंगाच्या साली, पदर खोचलेली आई, सगळं एकदम बघून गोंधळला.

“आई, कुणाशी बोलत होतीस?”

“तुझ्या काकीशी.”

“काकी? कपाटातून?”

“राजारामला विटा सांगू नकोस. पाचच सेट घे. स्टीलचे.”

“अगं पण सकाळी तर तू पितळ पितळ करत होतीस! आणि देवाच्या वेळी तुला स्टील...”

“माझं मी बघेन,” ती म्हणाली. तिने आपल्या कपाटातून दोन जुनी सुती लुगडी काढली, मऊ झालेली, बोचकी बांधायला बरी. त्यांची घडी काखेत घेतली. चंदू म्हणाला, “थांब, मी येतो ना, जड असेल कपाट. मी आणि राजाराम...” तिने मान हलवली. “कपाट उद्या हलवा तुम्ही. आज आत फक्त आम्ही दोघी.” तिच्या आवाजात असं काही होतं की तो पुन्हा बसला.

रस्त्यावर ऊन उतरायला लागलं होतं. शेजारची प्रेमा कठड्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली. “काय हो वनमालाबाई, आज देवळाच्या वेळेआधीच? आणि ही लुगडी कुणाला?”

“दशरथभाऊंचे कपडे बांधायचेत,” वनमाला म्हणाली, आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवरून मागच्या गल्लीत वळली.